खाजण भरून विकावं का? खाडीकाठच्या सखल जमिनीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायगडात कुंडलिकेच्या खाडीला लागून तुमची वडिलोपार्जित चार एकर खारजमीन आहे, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं असं सखल खाजण. बारा वर्षांपूर्वी बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, ते कुणी बुजवलं नाही. आता भरतीचं पाणी आत-बाहेर करतं आणि निम्म्या जागेत तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, माजली आहेत. एक गिऱ्हाईक भराव टाकून बंगल्यांसाठी जागा घ्यायला तयार आहे. थोरले काका म्हणतात, ही जमीन गावाला वादळापासून वाचवते, तिला हात लावू नका. काकांचं म्हणणं खरं की नुसती माया?

काकांचं खरं आहे. पण ‘वाचवते’ हा शब्द मोघम आहे आणि मोघम शब्दावर कुणी चार एकरांचा व्यवहार सोडत नाही. म्हणून ती कशापासून वाचवते, किती वाचवते आणि कुठे तिचा काही उपयोग नाही, हे नीट सांगतो. माझी एकतीस वर्षं खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, कामांत गेली. पनवेलपासून बाणकोटपर्यंतच्या बऱ्याच खाड्यांचा चिखल पायाला लागला आहे.

आधी एक गोष्ट मान्य करू. वाऱ्यापुढे खाजणाचं काही चालत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा ताशी 110-120 किलोमीटरचा वारा होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले. त्या नुकसानीला खाडीकाठच्या सखल जमिनीने काडीचाही अडसर केला नाही, करणं शक्यही नव्हतं. खाजणाचा संबंध पाण्याशी आहे.

आपल्या किनाऱ्यावर पाणी दोन बाजूंनी येतं. वादळात हवेचा दाब उतरतो आणि समुद्र वर उचलला जातो, दाब एक हेक्टोपास्कलने (हवेचा दाब मोजायचं माप) उतरला की साधारण एक सेंटीमीटर. त्याहून मोठा वाटा वाऱ्याचा. आपल्याकडे समुद्र उथळ आहे, त्यामुळे किनाऱ्याकडे ढकललेल्या पाण्याला खालून परत जायला वाट मिळत नाही आणि ते साचत जातं. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर वादळ जिथे चढतं त्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. निसर्गच्या वेळी श्रीवर्धनची बाजू जास्त झोडपली गेली ती त्यामुळेच.

दुसरी बाजू सह्याद्रीची. आपल्या नद्या आखूड. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की काही तासांत लोंढा खाली येतो. घाट उतरेपर्यंत त्याला उताराचा जोर असतो, पुढे शेवटच्या टप्प्यात जमीन सपाट होते आणि नदीची खाडी होते. या सपाट भागात नदीला समुद्राची परवानगी लागते. भरती चढती असेल तर पाण्याला बाहेर जाता येत नाही, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी लागली की वाट मोकळी होते.

या सहा तासांत नदीने आणलेलं पाणी कुठे थांबायचं? तुमच्या चार एकरांचं काम इथे सुरू होतं.

जुने नाखवे तिथीवरून भरती काढत, अजूनही काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे उधाण, अष्टमीकडे भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती. मुंबई-अलिबागकडे उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मालवणकडे तिच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे आपल्या रायगडात तिथी आणि तास यांच्यावर फार काही अवलंबून असतं.

22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर आठवा. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्रयोदशीचा हिशोब केला तर वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या दाभोळच्या तोंडाशी भरती सकाळी पावणेदहाच्या सुमाराला. वाशिष्ठी रात्रीपासूनच फुगलेली, वरून पाऊस थांबत नाही आणि खालून उधाण चढतंय. चिपळूण ही जागाच अशी आहे की नदीचा लोंढा आणि खाडीचं पाणी तिथे समोरासमोर येतात. एकेकाळी गोवळकोटपर्यंत गलबतं येत होती, म्हणजे समुद्र तिथवर पोचतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पुरानंतर नदीतला गाळ काढला गेला. गाळ काढल्याने नदीचं पात्र मोकळं होतं, ते हवंच. पण गाळ कितीही काढला तरी तोंडाशी असलेली भरती खाली जात नाही. भरती उतरेपर्यंत पाणी पसरायला काठावर जागा नसेल, तर ते बाजारपेठेत पसरतं.

निसर्गच्या वेळी नेमकं उलट झालं आणि आपण थोडक्यात वाचलो. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. पण सकाळची भरती दहाच्या सुमाराला होऊन गेली होती आणि वादळ किनाऱ्यावर आलं ते दुपारी, पाणी उतरतं असताना. तेच वादळ तीन तास आधी आलं असतं तर वाऱ्याने उचललेलं पाणी पूर्ण भरतीवर स्वार झालं असतं. त्या दिवशी आपल्याला वाचवलं ते घड्याळाने. पुढच्या वेळी घड्याळ आपल्या बाजूला असेलच असं नाही.

आता तुमच्या जमिनीचा हिशोब करू. चार एकर म्हणजे सुमारे सोळा हजार चौरस मीटर. तिच्यावर एक मीटर पाणी पसरलं तर ते एक कोटी साठ लाख लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळाशे टँकर. एवढं पाणी तुमची जमीन काही तास धरून ठेवते आणि ओहोटीला सोडून देते. हीच जमीन एक मीटर उचलायची तर साडेपाच हजार ब्रासच्या वर माती लागेल. टाकलेल्या प्रत्येक ब्रासमागे तेवढंच पाणी खाजणातून उठून दुसरीकडे जाणार. ते हवेत विरत नाही. शेजारच्या मळ्यात जाईल, नाहीतर समोरच्या काठावरच्या कोळीवाड्यात.

‘चार एकरांनी एवढ्या मोठ्या खाडीला काय फरक पडतो?’ असं गिऱ्हाईक म्हणेलच. एकट्या चार एकरांनी फारसा पडत नाही, हे कबूल. पण मी पाहिलेली एकही खाडी एका माणसाने भरलेली नाही. आधी एक जण चार एकर भरतो, मग शेजारचा ‘त्याने भरलं, आता पाणी माझ्याकडे येतं’ म्हणून भरतो, मग रस्त्याचा भराव येतो आणि त्यात दोन मोऱ्या कमी टाकल्या जातात. वीस वर्षांत काठ उभा भिंतीसारखा होतो आणि मग सगळे मिळून विचारतात की पूर्वी इतकं पाणी येत नव्हतं, आता का येतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी लोकांच्या ध्यानात येते आणि मच्छीमारांना मात्र लगेच पटते. भरतीला खाजणात पसरलेलं पाणी ओहोटीला एकदम बाहेर पडतं. तो जोर खाडीचं तोंड धुऊन काढतो, वाळू बाहेर फेकतो आणि होड्यांची वाट खोल ठेवतो. खाजणं बुजली की आत शिरणारं पाणी कमी होतं, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा जोर ओसरतो आणि तोंडावर वाळूचा दांडा धरतो. मग होड्यांना भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. वादळाचा इशारा आला आणि आत यायचंय, अशा वेळी तो दांडा जिवावर बेततो. म्हणून तुमच्या जमिनीशी गावातल्या मच्छीमारांचाही संबंध आहे, त्यांचा सातबाऱ्यावर उल्लेख नसला तरी.

आता तिवरांकडे येतो. कांदळवनाविषयी, म्हणजे तिवरांच्या रानाविषयी, हल्ली खूप बोललं जातं, त्यातलं काही फुगवून. जगभरातल्या मोजमापांतून दिसतं ते असं: शंभर मीटर रुंद कांदळवनातून जाताना लाटेची उंची तेरापासून सहासष्ट टक्क्यांपर्यंत कमी होते. झाडी किती दाट, मुळं कशी, पाणी किती खोल, यावर तो आकडा ठरतो. वादळाने चढलेल्या एकूण पाण्याची पातळी मात्र एका किलोमीटरला पाच ते पन्नास सेंटीमीटरच उतरते. म्हणजे लाटेचा मार शंभर मीटरची तिवरं पेलतात, पण वर चढणारं पाणी अडवायला किलोमीटरभर रुंद पट्टा हवा. आपल्या बहुतेक खाड्यांत एवढा पट्टा उरलेला नाही. ‘तिवरं लावा, पूर येणार नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ‘तिवरं ठेवा, बांध आणि घरं फुटणार नाहीत’ हे मात्र मी अनुभवाने सांगतो.

तो अनुभव मला महागात पडला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका बांधाच्या दुरुस्तीला यंत्र न्यायला वाट हवी होती. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तीसेक हात रुंद तिवरांची रांग होती. मी ती साफ करून घेतली. त्या वेळी ते कुणालाच चुकीचं वाटलं नाही, मलाही नाही. बांध नवा झाला, दगडी अस्तर लागलं, काम छान दिसत होतं. गावातले एक वयस्कर शेतकरी बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, “साहेब, तुम्ही बांधाच्या पायातली चप्पल काढलीत.” पहिल्या पावसाळ्यात अस्तराच्या खालची माती लाटांनी ओढून नेली. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणी अमावास्येच्या उधाणाला, बरोबर त्याच ठिकाणी खांड गेली आणि दोन्ही बाजूंचा जुना, वेडावाकडा, पण तिवरांमागचा बांध जागचा हलला नाही. आत भात पोटरीला आलं होतं. खारं पाणी एकदा बसलं की जमिनीतलं मीठ पावसाने धुऊन निघायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर नीट पीक येत नाही. त्या शेतकऱ्यांची ती वर्षं माझ्या खात्यावर आहेत आणि तेव्हापासून मी तिवराची एकही फांदी विचार न करता तोडू दिलेली नाही.

त्यामागची यंत्रणा समजून घ्यायची असेल तर ओहोटीला बांबूची काठी घेऊन तुमच्या जमिनीत उतरा. पायात जुने बूट घाला, कालवांच्या कपच्या पाय फाडतात. तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिलीएवढी श्वासमुळं चिखलातून उभी असतात, एका झाडाभोवती शेकडो. काठी उघड्या चिखलात रोवा आणि मग मुळांच्या गर्दीत रोवा. उघड्यावर ती सहज गुडघाभर जाते, मुळांत वीतभर गेल्यावर अडते. भरतीचं गढूळ पाणी या मुळांत शिरलं की त्याचा वेग मरतो आणि आणलेला गाळ तिथेच बसतो. दर भरतीला अगदी पातळ थर. म्हणजे अशी जमीन हळूहळू स्वतःला उचलत असते आणि समुद्र वर येत असताना या गोष्टीला फार किंमत आहे.

याच्या उलट बांधाच्या आतली जमीन. तिला गाळ मिळत नाही, ती वाळते, दबते, वर्षानुवर्षं खाली बसते. जुन्या खारबंदिस्तीत बांधावर उभं राहिलात तर एका हाताला खाडीचं पाणी उंच आणि दुसऱ्या हाताला भाताची खाचरं खोल, असं स्पष्ट दिसतं. अशा ठिकाणी बांध फुटला तर पाणी तांब्यात शिरावं तसं शिरतं.

पण यावरून खारबंदिस्ती वाईट असा अर्थ काढू नका. आपल्या पूर्वजांनी बांधलेली ती व्यवस्था फार विचाराची आहे. बांधातून पाणी सोडायच्या दाराची, उघाडीची, झडप बघितलीत ना? ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. ना वीज, ना राखणदार. पावसाळ्यात आतली खाचरं डोंगराकडून आलेलं पाणी धरतात आणि ओहोटीला सोडतात, म्हणजे पूर थांबवायचं काम बंदिस्तीही करते. अट एकच, तिची देखभाल झाली पाहिजे. उघाडीत ओंडका किंवा प्लास्टिकच्या बाटल्यांचा गठ्ठा अडकला, खेकड्यांची बिळं वेळेवर चेचून बुजवली नाहीत, की एका रात्रीत खांड जाते. पूर्वी गाव मिळून बांधावर मातीच्या पाट्या टाकत असे. माणसं मुंबईला गेली आणि बांध एकटे पडले. तुमच्या बांधाचंही तेच झालं असणार.

खुल्या किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी, ती इथे थोडक्यात. तिथे हेच काम वाळूच्या टेकड्या करतात. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून आत नेतो आणि दिवाळीनंतर परत आणून टाकतो. मर्यादावेल, केवडा, उंडी यांनी धरलेली टेकडी म्हणजे त्या देण्याघेण्यातली शिल्लक. ती सपाट करून रिसॉर्टला रस्ता काढला की शिल्लक संपली. सुरूच्या एकसुरी रांगा तिची जागा घेत नाहीत. निसर्गनंतर मी पाहिलेल्या एका पुळणीवर सुरू मुळासकट उलटले होते आणि त्यांच्या मागचा केवडा चिंध्या होऊनही जागेवर उभा होता.

आता कायद्याचं, कारण गिऱ्हाईक तुम्हाला हे सांगणार नाही. कांदळवन खासगी जमिनीत असलं तरी ते तोडता येत नाही आणि त्याच्यावर भराव टाकता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीला मनाई केली आणि 2018 च्या निकालात, मालकी कुणाचीही असो, कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. तुमच्या निम्म्या जागेत तिवरं आहेत. चार एकरांची चौकट लांबी-रुंदीला साधारण सव्वाशे-सव्वाशे मीटर धरली आणि पन्नास मीटरचा पट्टा सोडला, तर हातात काय उरतं ते स्वतःच कागदावर काढून बघा. बंगल्यांचा व्यवहार करून पैसे घेतलेत आणि उद्या काम थांबलं, तर कोर्टाच्या चकरा मालक म्हणून तुम्हालाच माराव्या लागतील. किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा काढून तुमचा गट नंबर कुठे पडतो ते आधी तपासा.

इथे मला तुमच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बांध फुटला तो तुम्ही फोडला नाही. दुरुस्ती वेळेवर झाली असती तर तिथे आज भात असतं. दुरुस्ती झाली नाही म्हणून तिवरं आली, आणि तिवरं आली म्हणून आता दुरुस्तीही करता येत नाही. रायगडात असे किती तरी शेतकरी आहेत ज्यांची पिकती शेती या फेऱ्यात अडकली. जी जमीन साऱ्या गावाचं पाणी पोटात घेते तिचा भार एकट्या सातबाराधारकाने वाहावा, हे मला अन्यायाचं वाटतं. अशा जमिनीला गावाने, तालुक्याने, सरकारने दरवर्षी काही मोबदला दिला पाहिजे, असं मी जिथे बोलायला मिळतं तिथे बोलतो. जोपर्यंत तो मिळत नाही तोपर्यंत खाजण राखा असं फुकट सांगणाऱ्यांवर लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे.

म्हणून जे हाताशी आहे ते सांगतो. राज्य सरकारची कांदळवन संरक्षण आणि उपजीविकेची एक योजना 2017 पासून आहे. तिच्यात गावातल्या गटांना चिंबोरी (खाडीतला मोठा खेकडा) पालन, कालव पालन, शोभिवंत मासे अशा कामांना अनुदान मिळतं. तुमच्याकडे पाणी आत-बाहेर करतंय, म्हणजे चिंबोरीला जागा चांगली आहे. एकट्याने नको, शेजारचे दोन-तीन खातेदार आणि कोळीवाड्यातल्या बायकांचा गट धरा, कारण चिंबोरीचं ज्ञान त्यांच्याकडे आहे. ज्या निम्म्या भागात तिवरं नाहीत, तिथे आतल्या अंगाला नवा ठेंगणा बांध घेऊन भात करायचं मनात असेल तर परवानग्या तपासून, पन्नास मीटर सोडूनच विचार करा. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती आहेत आणि आपला जुना लाल राता तर आहेच. घर बांधायचं असेल तर ते वर, जांभ्यावर. जुनी गावठाणं कुठे आहेत बघा: वर घरं, खाली वाडी, त्याखाली मळे आणि सगळ्यात खाली खाजण. ही उतरंड कुणी आराखड्यात काढली नव्हती, पाणी कुठवर येतं ते पाहून बसलेली आहे.

आणि निर्णय घेण्याआधी एक काम करा. भाद्रपद-आश्विनातल्या एखाद्या पौर्णिमेला सुट्टी काढून गावी या. दुपारी बाराच्या सुमाराला काकांना घेऊन बांधावर उभे राहा. गिऱ्हाइकालाही बोलवा, त्याने जागा ओहोटीलाच पाहिली असणार. पाणी जिथवर येईल तिथे खुंट्या मारा. मग काकांना विचारा, 26 जुलै 2005 ला आणि 2021 च्या पुराला पाणी कुठवर आलं होतं. जुन्या माणसांना झाड आणि पायरी आठवते. तिथेही खुंट्या मारा. पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत दोरी ताणा आणि तिच्या आत गावातली किती घरं येतात ते मोजा.